तळ्याकाठची हजेरी

“वैभवी कुठी हाये?” विजयमाला मॅडमनी विचारलं आणि पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली.

सहावीचा वर्ग कामरगावबाहेरच्या तळ्यावर आला होता. गावाच्या चालीरीतींमुळे तळं कसं टिकतं, हा आजचा धडा. काठावर शेंदूर फासलेल्या सात दगडांपाशी, पाण्यातल्या देवतांच्या, आसरांच्या ठाण्यावर, मॅडमनी मघाशी विचारलं होतं, “तळ्याबद्दल घरी काय सांगतात?”

वैभवीनेच आधी हात वर केला होता. “आजी म्हनते, पान्यापाशी कोनी नावानं हाक मारली तं ओ नाही द्याची. आसरा बलावते. ओ देल्ली का नेते.”

मॅडमनी तिला शाब्बासकी दिली. या भीतीपोटीच गावाने तळ्यात कधी घाण केली नाही, असं समजावलंही. मग म्हणाल्या, काठावरून प्रत्येकाने काहीतरी शोधून आणा, पीस, शिंपला, काहीही. ही अवदसा आपल्याला कुठून आठवली, असं आता त्यांना झालं होतं.

“वैभवी! ए वैभवी!”

डोक्याइतक्या उंच पाणकणसांतून एक बगळा उडाला, बाकी काही नाही. वैभवीची मैत्रीण निकिता चिखलात रुतलेल्या वैभवीच्या चपलेकडे बोट दाखवून रडायला लागली. मॅडम साडीसकट गाळात शिरल्या आणि घसा फाटेस्तोवर हाका मारत सुटल्या. पोरीच्या आईला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं.

“मॅडम, नाव नका घेऊ ना तिचं,” निकिता काठावरून म्हणाली. “मले भेव लागून राह्यलं.”

मॅडम जागच्या जागी थांबल्या. पोरगी ओ देणारच नव्हती. तसं तिने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि आपणच तिला शाब्बास म्हटलं होतं. त्यांनी श्वास घेतला. आवाज रोजच्या हजेरीसारखा कोरडा केला.

“एकोणीस!”

त्या एक पाऊल पुढे सरकल्या.

“एकोणीस नंबर!”

“हजर, मॅडम.”

आवाज बारीक होता, पण अगदी जवळून आला. वैभवी कमरेपर्यंत गाळात रुतली होती, पाणकणसं दोन्ही मुठींत धरून. मॅडमनी तिला कशीबशी ओढून काढलं.

“मी एवढी बोंबलली, आयकू नाही आलं तुले?”

“आलं ना,” पोरगी म्हणाली. “तुमच्यासारखाच आवाज होता. म्हनून तं मी हालली नाही.”

मॅडमना रागवायचं होतं, जमलं नाही. त्यांनी तिचा चिखलाचा हात घट्ट धरला. “चला,” त्या हळूच म्हणाल्या, आणि डांबरी सडक लागेपर्यंत सगळ्या वर्गाला नंबरानेच बोलावत राहिल्या.