होल्डवरचा ब्रिगेडियर

जुनी वस्तू नव्यापेक्षा महाग असू शकते, हे दीनानाथ खांबेट्यांना पुस्तकांच्या बाबतीत ठाऊक होतं. दिल्लीच्या दर्यागंजातल्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून कोपरा वाळवीने खाल्लेली एक पहिली आवृत्ती त्यांनी छापील किमतीच्या वीसपट देऊन आणली होती आणि बायकोला किंमत सांगताना एक शून्य गाळलं होतं. पण मोटारीचंही तसंच असतं, हे त्यांना गुरुग्राममधल्या त्या तळघरातल्या शोरूममध्ये पहिल्यांदा कळलं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"एक्केचाळीस? लाख?"

"अंकल जी, हज़ार में तो इसके टायर के ढक्कन आते हैं," टिंकू खुराना हसत म्हणाला. हातात सोन्याचं कडं, अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि आवाजात असा जिव्हाळा की आपण त्याच्या बहिणीच्या लग्नालाच आलो आहोत.

"पण नवी छत्तीसला होती ना?" दीनानाथांनी मुलीला, रेवतीला, मराठीत विचारलं.

"होती, बाबा. आता नवी मिळतच नाही."

हिरवीगार ऑक्टाव्हिया आरएस काचेपलीकडे उभी होती. दीनानाथांना ती एखाद्या डॉक्टरच्या गाडीसारखीच दिसत होती, फक्त रंग पोपटाचा. पण देशात अशा मोजून दोनशे आल्या होत्या, आणि रेवती चार वर्षं त्यांच्या मागावर होती. पहिली लुधियानाच्या माणसाने तिच्या डोळ्यांदेखत उचलली. दुसरी पुरात बुडून वर आलेली निघाली. सीटखालचा गाळ रेवतीने स्वतःच्या बोटाने काढून दाखवला होता. ही तिसरी. आठवडाभर रेवती नीट जेवली नव्हती. ऑफिसातून येऊन ती या गाडीचे फोटो मोठे करकरून बघत बसायची, जसे लोक स्थळाचे फोटो बघतात.

आज सकाळी ती म्हणाली होती, "बाबा, चला ना सोबत. तुम्हाला काही करायचं नाहीये. वडील बरोबर असले की हे लोक जरा नीट बोलतात, बस."

काही करायचं नाही, म्हणून दीनानाथ आले. आयुष्यभर त्यांना हेच काम जमलं होतं. मंत्रालयाच्या अनुवाद विभागात एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची वाक्यं नीट केली. स्वतःचं वाक्य बोलायची वेळ आली की ते इतकं तपासत, की तोवर समोरचा निघून गेलेला असे. भाजीवाल्याशी घासाघीस करायची झाली तरी त्यांचे कान लाल होत.

रेवती मात्र कसलेली होती. टायरवरची तारीख, सर्व्हिसची बिलं, रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र, सगळं करून ती परत आली आणि म्हणाली, "राइट दरवाज़ा रीपेंट है. चौंतीस."

"चौंतीस!" खुरानाने छातीवर हात ठेवला. "अंकल जी, समझाओ बिटिया को. मेरी गाड़ी होती तो आपके पैर छू के दे देता. पर गाड़ी पार्टी की है. चंडीगढ़ के ब्रिगेडियर साहब हैं, रिटायर्ड. मैं तो बीच का आदमी हूँ. लो, सीधे बात करो."

त्याने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि तो टेबलावर मधोमध ठेवला.

"यस, खुराना," असा भरदार, घुमणारा आवाज आला. "मैंने ये गाड़ी बच्चे की तरह पाली है. चालीस. और वो भी इसलिए कि लड़की शौकीन है."

दीनानाथांना वाटलं, हा आवाज कुठेतरी ऐकलाय. मग वाटलं, आपल्याला काय कळतं? आकाशवाणीवरच्या जुन्या निवेदकांचे आवाज असेच असायचे.

"आप बाप-बेटी आपस में बात कर लो," ब्रिगेडियर म्हणाला. "मैं होल्ड करता हूँ."

खुराना तेवढ्यापुरता अदबीने उठून काचेपाशी गेला. फोन टेबलावरच राहिला.

दिल्लीतल्या मराठी घरांची ही जुनी रीत. साडीच्या दुकानात, रिक्षात, डॉक्टरसमोर, हिंदीत बोलता बोलता मध्येच मराठीत शिरायचं. जणू आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. रेवती तर चारचौघांत मोठ्याने बोले, कारण कुणाला कळणार?

"बाबा, मी छत्तीस म्हणते. तो ताणेल. पण अडतीसच्या वर मी उठणार. बिल्कुल. लोन तेवढंच आहे."

खुराना परतला. रेवतीने छत्तीस म्हटलं. पलीकडे एक दीर्घ उसासा ऐकू आला. "बेटी... चलो. अड़तीस. फ़ाइनल."

रेवतीने वडिलांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत आनंद होता, आणि थोडा संशयही. अगदी नेमका आकडा. पण तिच्या रक्तात सौदा होता. ती म्हणाली, "सर, सैंतीस कर दीजिए, अभी टोकन देती हूँ."

"सोच लो. मैं होल्ड पर हूँ."

खुराना पुन्हा उठला. दीनानाथांना पुढचं दिसू लागलं. ही आता एका लाखासाठी ताणणार, आणि तिसरीही जाणार. पुन्हा ते फोटो, पुन्हा न जेवणं. ते तिच्याकडे झुकून म्हणाले, "हे बघ, माझे दोन लाख आहेत पोस्टात. आईला माहीत नाही. लागले तर ते घाल. पण ही हातची घालवू नकोस गं."

"बाबा!" रेवतीचे डोळे भरले. "काही नको. बसा तुम्ही."

मिनिटभराने स्पीकर खाकरला. "खुराना, एक बात रह गई. टायर नए हैं, इंश्योरेंस पूरे साल का है. नोएडा से भी एक आदमी का फ़ोन आ रहा है. उनतालीस नब्बे."

खुरानानेही तोंडाचा आ केला. तो खरा होता की नाही ते देव जाणे. रेवती ताडकन म्हणाली, "सर, आपने अभी अड़तीस फ़ाइनल बोला!"

"दैट वॉज़ विदाउट टायर्स, बेटी. आराम से सोचो. होल्ड पर हूँ."

दीनानाथांना सौद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण भाव करताना किंमत चढते, हे त्यांनी भाजी बाजारातसुद्धा पाहिलं नव्हतं. एकोणचाळीस लाख नव्वद हजार. अडतीस आणि दोन, चाळीस. त्यातले दहा हजार सोडून सगळे. त्यांच्या कपाळाला घाम आला. नेहमीप्रमाणे त्यांनी स्वतःलाच दोष दिला: आपणच आलो, आपणच बोललो, काहीतरी बिघडलं. "जरा तोंड धुऊन येतो," म्हणून ते उठले.

मागच्या बोळात टायरांच्या चळती होत्या. शेवटी बेसिन, आणि त्याच्या अलीकडे एका कोठाराचं दार, वीतभर उघडं. आतून आवाज आला. घसा साफ केल्याचा, तीन वेळा, वरच्या पट्टीतून खाली येत.

दीनानाथ थांबले. हा घसा ते कितीतरी वर्षं ऐकत होते.

दरवर्षी संक्रांतीला दिल्लीतली मराठी मंडळी बस करून पानिपतला, लढाईच्या जागी, काला अंबला जात. स्मारकापुढे भाऊसाहेब निगुडकर उभे राहत, तीनदा घसा साफ करत आणि बोलू लागत. बायका पदर डोळ्यांना लावत. ते भाषण बारा वर्षं दीनानाथ लिहून देत आले होते. लिहिणारा मागच्या रांगेत उभा. त्यांना त्यात कधीच कमीपणा वाटला नाही. शब्द कुणाजवळही असतात, आवाज भाऊसाहेबांजवळ आहे, असं ते म्हणत.

त्यांनी दार ढकललं.

प्लास्टिकच्या खुर्चीवर, गळ्यात मफलर, मांडीवर चहाचा कागदी पेला, कानाशी फोन. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, मराठी मंडळाचे माजी अध्यक्ष, रेवतीच्या बारशाला पाळण्याची दोरी ओढलेले भाऊसाहेब.

मग भाऊसाहेबांनी फोनचं तोंड तळव्याने दाबलं.

"दीनानाथ! अरे... तू इकडे कसा आलास? बस. नाही, बसू नकोस. दार लाव."

दीनानाथांनी दार लावलं. सांगितलेलं ऐकायची सवय होती.

"तुम्ही चंदीगडला आहात," ते म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचलंच नाही.

"ब्रिगेडियर आहे रे, खराच आहे तिथे. गाडी विकून चार महिने झाले त्याला. गिऱ्हाइकाला मालकाशी बोलल्यासारखं वाटलं की सौदा पटकन होतो, म्हणून हा खुराना मला बोलावतो. या महिन्यात दोन ब्रिगेडियर केले, एक हार्ट सर्जन, आणि एका विधवेचा दीर." त्यांचे डोळे चमकले. "दीर फार छान झाला. गिऱ्हाईक रडलं."

"पैशांसाठी?"

"पेन्शन आहे मला. दोन हजार देतो एका फोनचे, नाही म्हणत नाही. पण मंडळात आता नाटकं कोण करतं, दीनानाथ? वर्षात एकदा काला अंब. बाकी तीनशे चौसष्ट दिवस हा आवाज घेऊन मी काय करू? सुनेला भाजी आणायला सांगू?"

दीनानाथांच्या डोक्यात एकच प्रश्न घुमत होता, आणि तो विचारायची त्यांना भीती वाटत होती. तरी त्यांनी विचारला. "आम्ही आहोत हे... तुम्हाला कळलं नसेल ना?"

भाऊसाहेबांनी पेल्यात पाहिलं.

"रेवतीचा आवाज आहे रे. पहिल्याच वाक्याला कळलं."

"आणि पोस्टातले दोन लाख?"

"ऐकले."

"मग तरी..."

"भूमिका मध्येच सोडता येत नाही, दीनानाथ." हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं, की क्षणभर दीनानाथांना ते पटलंच. मग नाही. ते आत रचलेल्या टायरांना टेकले. रबराचा वास नाकात भरला. कुणी गेल्याची बातमी कळली की माणूस असा टेकतो. पण हा माणूस समोर बसून चहा पीत होता.

"रेवतीला सांगू नकोस," भाऊसाहेब म्हणाले. "मंडळात तर नकोच नको."

दीनानाथांनी मान हलवली. होकारार्थी. आणि बाहेर आले. तोंड धुवायचं राहूनच गेलं.

खुराना पेढ्याची पेटी उघडून बसला होता. रेवतीचा चेहरा उतरला होता आणि हातात चेकबुक होतं. म्हणजे तिने ते दोन लाख धरले होते.

"आओ अंकल जी. साहब होल्ड पर हैं. उनतालीस नब्बे में मुँह मीठा करें?"

दीनानाथ बसले नाहीत. ते टेबलापाशी आले, फोनवर वाकले, आणि एकही शब्द न तपासता म्हणाले, "भाऊसाहेब, पस्तीस म्हणा."

खुरानाला मराठी येत नव्हतं. पण 'भाऊसाहेब' त्याला समजलं. त्याच्या हातातला पेढा पेटीच्या कडेवर तसाच थांबला. रेवतीने आधी वडिलांकडे पाहिलं, मग फोनकडे. फोनमधून फक्त एक बारीक घरघर येत होती.

दीनानाथांना वाटलं, आता ब्रिगेडियर फोन ठेवेल, गाडी जाईल, आणि पोरगी विचारेल की बाबा, हे काय केलंत.

स्पीकरने घसा साफ केला. तीनदा.

"खुराना," ब्रिगेडियरचा आवाज आला, पण त्याला कुठेतरी तडा गेला होता. "पैंतीस. बेटी को दे दो."

"सर!" खुराना फोनवर झेपावला. "सर, आप समझ नहीं रहे. एक मिनट, मैं अकेले में..."

"क्यों? गाड़ी मेरी है कि तुम्हारी?"

खुराना अडकला. माझी आहे, असं म्हणावं तर आजवर उभे केलेले सगळे खोटे मालक एकदम मरत होते. काचेपलीकडे दुसरं एक जोडपं दुसऱ्या गाडीसाठी थांबलं होतं, कान टवकारून. त्याने फोनकडे असं पाहिलं, जणू पाळलेला कुत्रा चावलाय.

"...आपकी, सर," तो म्हणाला.

पस्तीसची पावती झाली. पेढा कुणी खाल्ला नाही.

रेवती वडिलांना घेऊन वर रस्त्यावर आली. आपल्या जुन्या छोट्या गाडीत बसून तिने पट्टा लावला आणि किल्ली हातातच धरली.

"बाबा. ते भाऊकाका होते."

"हो."

"मागच्या खोलीत?"

"हो."

"आपण मराठीत बोललो ते सगळं..." तिने ओठ चावला. "पण आपण आहोत हे त्यांना कुठे माहीत असणार? नाही का? आवाज नसेल ओळखला त्यांनी."

ती विचारत नव्हती, मागत होती. दीनानाथांजवळ उत्तर तयारही होतं: भाऊसाहेबांना आता ऐकू कमी येतं, फोनवर तर मुळीच नाही. चांगलं, गोळीबंद वाक्य. बारा वर्षं त्यांनी भाऊसाहेबांसाठी अशीच वाक्यं रचली होती. पण तोंडातून भलतंच आलं.

"ओळखला होता. माझे दोन लाखही ऐकले होते."

रेवतीने किल्ली मांडीवर ठेवली. तिच्या चेहऱ्यावर गाडी मिळाल्याचं काहीच नव्हतं. लहानपणी पहिल्यांदा कुणीतरी मारलं की मूल रडायच्या आधी जसं नुसतं बघतं, तशी ती समोरच्या काचेतून बघत राहिली.

दीनानाथांचा फोन वाजला. पडद्यावर 'भाऊसाहेब' हे नाव. वाजून वाजून तो थांबला. पुन्हा वाजू लागला.

तिसऱ्या वेळी दीनानाथांनी तो उचलून कानाला लावला. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं, बोलत नव्हतं.

"कोण बोलतंय?" दीनानाथांनी विचारलं.