वामकुक्षीचा आकडा

त्या दुपारीही गुरुसिद्धप्पा जेवून डाव्या कुशीवर लवंडले आणि त्यांच्या डाव्या दंडावर चिकटवलेल्या सेन्सरमुळे मोबाइलनं घर डोक्यावर घेतलं. साखर धोक्याइतकी उतरल्याचा तो इशारा होता. त्या घरात आता त्यानं कुणी दचकत नसे.

"आला बघ, झोपमोड्या," ते डोळे न उघडताच म्हणाले.

सुट्टीमुळे घरी असलेल्या चंद्रिकेनं वडिलांच्या बोटाला सुई टोचून जुन्या यंत्रावर पाहिलं. साखर चांगली एकशे चाळीस होती. अंगाखाली सेन्सर दाबला गेला की आकडा उगाच घसरे, कूस बदलली की थोड्या वेळानं वर येई. उजव्या दंडावर रंगखान्यातल्या वाफेनं भाजल्याचा जुना व्रण होता, तिथं तो चिकटेना. आणि वामकुक्षी उजव्या कुशीवर घ्यायला अप्पा तयार नव्हते.

तेवढ्यात पुण्याहून तिच्या धाकट्या भावाचा, शिवूचा फोन. सेन्सर त्यानंच आणून बसवला होता, आकडे त्याच्याही मोबाइलवर दिसत. "अव्वा, अप्पांची साखर उतरलीय! काही दिलंस का?"

"व्हय रे, दिली की साखर," त्याच्या आईनं, सुंदरम्मांनी, बसल्या जागेवरून सांगून टाकलं.

"खरं का सांगत नाही त्याला?" फोन ठेवल्यावर चंद्रिका चिडली.

"गप गं," अप्पा म्हणाले. "लेकरू लांबून तेवढंच करतंय. त्याला कशाला हिरमुसलं करायचं?"

चंद्रिकेनं सुईचं यंत्र डबीत ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर होती. अप्पांनी इन्सुलिन घेतलं, पण भाकरी अर्धीच खाल्ली. मोबाइल वाजला. सुंदरम्मांना नीट दिसत नसे, त्यामुळे बोट टोचून बघणं त्यांच्या हातचं नव्हतं. त्यांनी रोजच्यासारखं नवऱ्याला उताणं केलं आणि आकडा वर यायची वाट पाहत बसल्या. शिवूचा फोन आला, त्याला रोजचंच उत्तर दिलं. त्या दिवशी आकडा खरा होता, तो वर आलाच नाही. अप्पांना दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता.

अप्पांच्या दिवसकार्याची, शिवगणाराधनेची, पंगत उठल्यावर शिवू श्रीशैलकाकांना मोबाइल दाखवत होता.

"हे बघा काका, यंत्रानं वेळेवर सांगितलं होतं. अव्वानं साखर दिली म्हणून मला खोटं सांगितलं. नाहीतर मी शेजारच्यांना पळवलं असतं."

"जाऊ दे आता. बायकांना काय कळतंय मशीनमधलं?"

"चुकलंच माझं," भिंतीला टेकून बसलेल्या सुंदरम्मा पुटपुटल्या.

चंद्रिकेनं हातातली ताटं खाली ठेवली. आईनं नको म्हणून हात हलवला. तिनं तिकडे पाहिलं नाही.

"शिवू, तुझं यंत्र रोज दुपारी खोटं बोलायचं. अप्पा त्याच्यावर झोपायचे म्हणून. तुझं मन मोडू नये म्हणून आम्ही साखर दिली म्हणायचो. अप्पांनीच तसं सांगितलं होतं. मी ते ऐकलं आणि गप्प राहिले."

"अक्का, पण त्या दिवशी तर..."

"त्या दिवशी ते खरं बोललं. अव्वानं कसं ओळखायचं? दुपारी त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे आम्हीच तिला शिकवलं. आणि तू? अप्पांना फोन दे, त्यांच्याशी बोलतो, असं एकदा तरी म्हणालास? काका, मशीनमधलं तुम्हालाही कळत नाही. तेव्हा ऐका. अव्वा चुकली नाही. या घरात पुन्हा कुणी तसं म्हणायचं नाही. अव्वा, तूसुद्धा."