बोट धाकटीचं, शब्द माईंचे

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर चाकाच्या खुर्चीत धाकटी. वय बावीस. जन्मापासून हातपाय नीट ऐकत नाहीत, तोंडातून शब्द फुटत नाही. शेजारी अबोलांना नुसत्या स्पर्शाने बोलतं करणाऱ्या साक्षात स्पर्शमाई! माईंनी तिचा हात मुठीत धरला, तिचं बोट अक्षरांच्या तक्त्यावर भिरभिरलं आणि त्यांची एक शिष्या मोठ्याने वाचू लागली, "मी... प्रकाश... आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"मंडळी, मी काहीच करत नाही," माई म्हणाल्या. "मी फक्त आत्म्याची फ्रिक्वेन्सी पकडते." ती कुठल्या दुकानात मिळते, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

धाकटीच्या डोक्यात प्रकाशबिकाश काही नव्हता. माईंच्या अंगठीचा खडा मनगटात रुतत होता. ती जिवाच्या आकांताने ओरडली.

"बघा, किती आनंद झालाय!" माई म्हणाल्या.

बोट पुन्हा फिरलं. 'मला माईंच्या केंद्रात कायमचं राहायचंय.'

समोर तिचे बाबा, शिवणकाम करून पाठीत वाकलेले, डोळे पुसत होते. लेक पहिल्यांदा बोलली होती. तिचा शब्द ते कसा मोडणार?

तेवढ्यात मागून एक बाई उठल्या. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांना लिहिता यावं, यावर त्या संशोधन करायच्या. धाकटीच्या थोरल्या बहिणीने त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

"ही सबंध वेळ पंख्याकडे बघत होती. तक्त्याकडे न बघता एका बोटाने मला तरी अक्षर सापडत नाही. हिला कसं सापडतं?"

"आत्म्याला डोळे लागत नाहीत!"

"मग एक चित्र दाखवते. तेवढं लिहून दाखवा."

"करू द्या, माई," बाबा म्हणाले. "तुमचंच खरं ठरेल." आता नाही कसं म्हणणार?

थोरलीने धाकटीसमोर एक कार्ड धरलं, बाईंनी माईंसमोर दुसरं. बोट फिरलं. 'किल्ली.' टाळ्या पडायच्या आत बाईंनी दोन्ही कार्डं लोकांकडे वळवली. माईंच्या कार्डावर किल्ली होती, धाकटीच्या कार्डावर छत्री!

आणखी तीनदा केलं. तिन्ही वेळा तक्त्यावर उमटलं ते माईंनी पाहिलेलं.

"इथे नकारात्मक लहरी आहेत!" म्हणत माईंनी हात झटकला.

"म्हणजे पोरीला काही कळतच नाही तर," कुणीतरी पुटपुटलं. धाकटीने रागाने खुर्चीच्या दांडीवर गुडघा हाणला.

"तिला सगळं कळतं!" थोरली कडाडली. "मी स्वतः तिला वाचायला शिकवलंय. लिहायचं कसं, तेवढंच आम्हाला सापडलं नव्हतं."

बाई त्या गुडघ्याकडेच बघत होत्या. त्यांनी पिशवीतून एक मोठं बटण काढून दांडीला बांधलं आणि त्याला जोडलेला संगणकाचा पडदा समोर ठेवला. त्यावर अक्षरांच्या ओळी एकेक करून उजळत होत्या. "हवी ती ओळ आली की दाब, मग अक्षर आलं की दाब. कुणी तिला हात लावायचा नाही. बाबा, तुम्हीसुद्धा."

प्रेक्षकांतल्या एका आजींनी गठ्ठ्यातलं एक कार्ड स्वतः न बघता काढलं, फक्त धाकटीला दाखवलं आणि पालथं ठेवलं. गुडघा दोनदा चुकला. बाई थांबल्या, ओळींचा वेग कमी केला. घाम फुटला तरी धाकटीची नजर पडद्यावरून हलली नाही. अखेर उमटलं, 'चमचा'.

आजींनी कार्ड उलटलं. चमचाच होता!

पण धाकटी थांबली नव्हती. वीस मिनिटं ती एकेक अक्षर जोडत राहिली.

'ते शब्द माझे नवते. मी घरीच रहाणार. माझा हात धरायचा तर आधी मला विचारा.'

बाबा व्यासपीठावर आले. "चुकलो, बाळा. आम्ही माईंनाच विचारत बसलो." माई मागच्या दाराने कधी सटकल्या, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

अबोल माणसाला बोलतं करतो, असं कुणी म्हणालं तर भारावून जाऊ नका. हात धरणाऱ्याला जे ठाऊक नाही, ते त्या माणसाला लिहू द्या. नुसतं त्याचं बोट हललं म्हणून शब्द त्याचे होत नाहीत. तपासणी म्हणजे अविश्वास नव्हे. ती टाळली, तर एका जित्याजागत्या माणसाच्या नावावर दुसराच कुणीतरी बोलत राहतो.