हिरवळीवर पाय न ठेवता नऊ होल

वर्षातले आठ महिने आमच्या गोल्फ क्लबात गवताची काडी नसते. विश्रामबागेपासून बारा किलोमीटरवर, बंद पडलेल्या वीटभट्टीशेजारचा माळ. नऊ होल. इतर ठिकाणी होलाभोवती कातरलेली हिरवळ असते म्हणे. आमच्याकडे वाळूत जळकं ऑईल कालवून, वर रोलर फिरवून केलेलं गोल अंगण असतं. त्याला आम्ही ब्राऊन म्हणतो. पहिला फटका मारायच्या जागा मुरुमाच्या, आणि रोलर न्यायला मैदानाच्या कडेनं मुरुमाचाच रस्ता. बाकी सगळी ढेकळं. श्रावणात मात्र माळावर गुडघ्याएवढं गवत उठतं. ते आम्ही घोट्यापर्यंत कापतो, आणि मग सभासद पुण्यातल्या नातेवाइकांना फोटो पाठवतात.

गवत नसलं तरी नियम पुष्कळ आहेत. शेहेचाळीस. ते विष्णुपंतांनी लिहिले. विष्णुपंत साताऱ्याचे. सहकार खात्यात तीस वर्षं लोकांचे पोटनियम तपासून निवृत्त झाले, आणि तपासण्याजोगं काही उरलं नाही म्हणून आमच्या क्लबाचे सेक्रेटरी झाले. दर रविवारी पहिल्या एसटीनं येतात. नियम चार : सदस्याचा शर्ट कॉलरचा असावा व कॉलर शर्टाला जोडलेली असावी. नियम नऊ : दुसऱ्या सदस्याचा फटका पाहून हसू नये, हसू अनावर झाल्यास पाठ फिरवावी. नियम चौदा : ब्राऊनवर उसाच्या दराची चर्चा करू नये. नियम बावीस : जनावर आडवे आल्यास जनावरास प्राधान्य.

आणि नियम सतरा. प्रत्येक सदस्यानं महिन्यातून एकदा नऊच्या नऊ होल पुरे करून, मार्करच्या, म्हणजे बरोबर चालून फटके मोजणाऱ्याच्या, सहीचं कार्ड जमा करावं. एक महिना चुकला की नाव कमी. हा नियम लग्नपत्रिकेत नावाखाली 'सदस्य, गोल्फ क्लब' छापून पुन्हा न फिरकणाऱ्या मंडळींसाठी केला होता. त्या मंडळींना तो कधी लागला नाही, कारण ती महिन्यातून एकदा ड्रायव्हरला घेऊन येत आणि कसंबसं उरकून जात. लागला तो आदगोंडा मगदूमांना.

आदगोंडा हळदीचे व्यापारी, क्लबाचे आठव्या क्रमांकाचे सभासद. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, महिना चुकला. विष्णुपंतांनी स्वतः दवाखान्यात जाऊन, शहाळं देऊन, प्रकृतीची चौकशी करून, मग नाव कमी केल्याचं पत्र हातात ठेवलं. आदगोंडांनी पोच दिली. दोघांची मैत्री आहे.

आदगोंडांची बायको त्रिशलाबाई सहा वर्षं क्लबात येत होत्या, पण 'सहचर सदस्य' म्हणून. नियम एकोणतीसप्रमाणे सहचरानं 'मुख्य सदस्यासोबत, उत्साहापुरते' खेळावं. मुख्य सदस्यच गेल्यावर उत्साह कुणासोबत दाखवायचा? बाईंनी एप्रिलमध्ये स्वतःच्या नावानं अर्ज केला, परीक्षेचे नऊ होल एकावन्न फटक्यांत पुरे केले, आणि कचेरीबाहेरच्या फळीवर तेविसाव्या ओळीत नाव आलं : त्रिशला मगदूम. पूर्ण सदस्य असलेल्या पहिल्या बाई. आदगोंडा आता त्यांचे सहचर. ते बाकावर बसतात, शेंगा सोलतात आणि उत्साहापुरतं बोलतात.

पहिले तीन महिने त्रिशलाबाईंनी कार्डं वेळेवर दिली. जुलैचंही पहिल्याच आठवड्यात दिलं. मग चातुर्मास लागला.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी त्या कचेरीत आल्या. विष्णुपंत, मी आणि क्लबाचे कॅप्टन, सुभेदार तानाजी, आत होतो.

"माजा नेम हाय," त्या म्हणाल्या. "मुनीमहाराजांसमोर घेतलाय. कार्तिकापर्यंत हिरव्या गवतावर पाय ठेवायचा न्हाई. गवतात जीव असत्यात, किडंमुंगी असती."

विष्णुपंतांनी चष्मा काढला. कुणाचं तरी वाईट होणार असलं की ते आधी चष्मा काढतात. "वहिनी, नेमाबद्दल पूर्ण आदर आहे. पण सूट एकाला दिली की..."

"सूट कोण मागतंय? मी खेळणार हाय."

"गवतावर पाय न ठेवता?"

"व्हय."

तानाजींनी सैन्यात चोवीस वर्षं काढली आहेत. अडचण आली की त्यांना वाहतूक सुचते. "खुर्चीवर बसवून आमी चौघं उचलतो की. एकदम आरामात."

"म्हंजे माज्यापायी तुमचे आठ पाय गवतावर," बाई म्हणाल्या. "सुभेदार, तसं चालत न्हाई. आपण करायचं न्हाई, दुसऱ्याकडनं करवायचं न्हाई, आणि कुणी आपणहून केलं तर बरं झालं असंबी म्हणायचं न्हाई."

"आणि बॉल गवतात पडला तर?" मी विचारलं.

"दंड हाय की तुमच्यात."

आहे. बॉल खेळण्याजोगा नाही असं खेळाडू स्वतः जाहीर करू शकतो. एक दंडाचा फटका घ्यायचा आणि मघाशी मारला होता तिथूनच दुसरा बॉल मारायचा. पहिला उचलून आणलाच पाहिजे असं कुठं नाही. विष्णुपंतांनी पुस्तक उघडलं, वाचलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"आणि तुमच्यातला दंड?" मी म्हणालो.

"तो मी घरी भरीन. एका बॉलाला एक जेवण सोडायचं, ठरवलंय मी."

मार्कर म्हणून मला बरोबर जाणं भाग होतं. तसं म्हणालो, तर बाई म्हणाल्या, "सुमंतराव, या न्हाईतर नका येऊ. मी बोलावलं न्हाई." मी मुरुमावरूनच चालायचं ठरवलं. उगाच कुणाच्या खात्यावर जायला नको.

महिन्याचा शेवटचा रविवार ठरला. तोपर्यंत क्लबाच्या ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. विश्रामबागेतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मैदानाचा नकाशा काढून तांबड्या शाईनं मार्ग आखला आणि सहाव्या होलापाशी प्रश्नचिन्ह काढलं. कुणी म्हणे बाई फळ्या टाकणार. कुणी म्हणे फळीखाली गवत चिरडणारच. शिराळ्याहून एक गृहस्थ, ज्यांचा गोल्फशी संबंध नव्हता, 'बघायला आलं तर चालेल का' म्हणून फोन करून गेले. चालेल म्हणालो. नियम नव्हता.

रविवारी चाळीस-पंचेचाळीस माणसं जमली. चार वर्षांत आमच्या वार्षिक स्पर्धेला एवढी कधी आली नव्हती. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडलं होतं. त्रिशलाबाईंनी नऊवारी नेसली होती, पायांत कापडी बूट, पिशवीत नऊ बॉल. विष्णुपंत हातात घड्याळ आणि काखेत पुस्तक घेऊन उभे.

"त्रिशला," आदगोंडा बाकावरून म्हणाले, "तुजं नाव गेलं तर माजंबी जातंय, एवढं ध्येनात ठेव."

"तुमी शेंगा खावा."

पहिल्या पाच होलांत बघायला आलेल्यांची निराशा झाली. बाई मुरुमाच्या रस्त्यावरून रस्त्यावरच बॉल मारत. चाळीस पावलांचा फटका, चालत जायचं, पुन्हा चाळीस पावलांचा. ब्राऊनपाशी रस्ता जवळ येतोच. तिथून वाळूवर उतरायचं. अंगण सारवताना हात फिरावा तशी स्टिक फिरत होती. पाच होलांत एकदाही बॉल रस्ता सोडून गेला नाही. फटके नेहमीपेक्षा दीडपट झाले, पण कार्डाला फटक्यांची मर्यादा नाही. शिराळ्याचे गृहस्थ म्हणाले, "ह्यात काय हाय? ही तर गोट्या खेळतीया."

सहाव्यापाशी सगळे पुढं सरकले. तिथं रोलरचा रस्ता उजवीकडे संपतो. समोर ऐंशी पावलं नुसतं हिरवंगार गवत, आणि पलीकडे ब्राऊन.

पहिला बॉल गवताच्या मधोमध पडला. बाईंनी मोठ्यानं जाहीर केलं, "खेळण्याजोगा न्हाई," आणि पिशवीत हात घातला. तेवढ्यात दोन तरुण सभासद बॉल आणायला गवतात धावले.

"आवं, नका जाऊ!" बाई ओरडल्या. "राहू द्या तिथंच!"

आता आमच्याकडची रीत अशी की पाहुण्यानं पोळीला नको म्हटलं की वाढणारा दोन वाढतो. एकदा नको म्हणणारा लाजतो आहे, दोनदा म्हणणारा चांगल्या घरचा आहे, तीनदा म्हणणाऱ्याला आग्रह केलाच पाहिजे. बाईंनी 'नका जाऊ' म्हटलं तसे आणखी चौघे गेले. दुसरा बॉल पडला. "तुमच्या पाया पडते, जाऊ नका!" ह्यावर दहाजण गेले. तिसऱ्याला तर बायकामाणसंही पदर खोचून निघाली. "राहू दे वो काकू, आमी आणतो की! त्यात काय लाजायचं!" चौथा बॉल शोधायला किती गेले ते मी मोजलं नाही. मुरुमावर बाई, विष्णुपंत आणि मी, तिघंच उरलो होतो. जो तो बॉल घेऊन परत येई, बाईंपुढे धरी, आणि बाई त्याच्याकडे न बघता दुसरीकडे बघत. घेतला तर बरं झालं म्हटल्यासारखं होईल. लोकांना वाटलं, बाईंना भरून आलं.

पाचवा बॉल ब्राऊनच्या कडेला पडला आणि वाळूवर घरंगळत जाऊन थांबला. टाळ्या झाल्या.

"बॉल गेला," विष्णुपंत म्हणाले. "तुम्ही कशा जाणार?"

"रस्त्यानं," बाई म्हणाल्या, आणि उलट्या फिरल्या.

म्हणजे रोलरच्या रस्त्यानं मागं कचेरीपाशी, पुढच्या फाटकातून बाहेर, तासगावच्या डांबरी रस्त्यानं सव्वा किलोमीटर, आणि मागच्या फाटकातून आत. तिथून ब्राऊनपर्यंत मुरुम आहे. विष्णुपंत चालता चालता पुस्तक चाळू लागले. खेळाडूनं मैदान सोडलं तर? बॉलनं सोडलं तर दंड होता. खेळाडूबद्दल फक्त एवढंच लिहिलं होतं की त्यानं विनाकारण वेळ घालवू नये.

"कारण आहे," मी म्हणालो.

"कारण आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी घड्याळ खिशात टाकलं.

रस्त्यानं आमची रांग बघून टपरीवाल्यानं विचारलं, "कशाचा मोर्चा?" पुढं नऊवारीतल्या बाई, हातात वाळूवर बॉल ढकलायची स्टिक, मागं विष्णुपंत, त्यांच्यामागं मंडळी. कुणीतरी सांगितलं, "गोल्फ चाललाय." त्यानं चहाचं भांडं खाली ठेवलं आणि तोही निघाला.

वाळूवर दोन फटक्यांत बॉल होलात गेला. सहावं होल, दंड धरून अकरा फटके. पुढची तिन्ही मागच्या फाटकाकडच्या मुरुमाला लागूनच आहेत. ती बाईंनी कुणाशी न बोलता संपवली, आणि आलो तसेच डांबरी रस्त्यानं आम्ही कचेरीपाशी परतलो. एकूण एकोणऐंशी. मी सही केली आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सही करून विष्णुपंतांना द्यायचं, एवढंच राहिलं होतं. आदगोंडा बाकावरून उठून उभे राहिले होते.

बाई कचेरीच्या ओट्यावर चढल्या आणि त्यांनी सहाव्या होलाकडं पाहिलं. आम्हीही पाहिलं. सकाळी जिथं गवत होतं तिथं बैल झुंजवल्यासारखा चिखल झाला होता. काही मंडळी अजून तिथं उभी राहून एकमेकांना दाखवत होती की बॉल नेमका कुठं पडला.

"मी चालत गेले असते तर माजे दोन पाय," त्रिशलाबाई म्हणाल्या. "हे शंभर झालं."

"तू कुणाला जा म्हणालीस?" आदगोंडा म्हणाले. "वरडून वरडून घसा बसला तुजा."

"वरडले म्हणून तर गेली."

त्यांनी कार्डाची घडी केली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. "विष्णुपंत, हे कार्ड मी देत न्हाई. असल्या कार्डावर नाव राखून मला काय करायचंय? काढा नाव."

तानाजी फळीवरच्या तेविसाव्या ओळीकडं बघत राहिले. एवढा वेळ नियम पाळले जातात की नाही हे बघायला आलेली माणसं. नियम पाळूनही असं व्हावं याचं त्यांना कोडं पडलं असावं. टपरीवाला मला हळूच म्हणाला, "जिंकल्या नव्हं त्या? मग रडायला कशाला लागल्यात?"

विष्णुपंतांनी चष्मा काढला. आदगोंडा पुन्हा बाकावर बसले. पण ह्या वेळी पंतांनी चष्मा पुसला आणि परत घातला. मग तेही ओट्यावर चढले आणि सहाव्या होलाकडं, एखाद्या संस्थेचं दप्तर तपासावं तसं, सावकाश बघत राहिले.

"सुभेदार, ही मैदानाची हानी झाली की नाही?"

"साहेब, हानी कसली? चार दिवसांत गवत परत..."

"हानी झाली की नाही?"

"झाली, साहेब."

"नियम अडतीस," विष्णुपंतांनी वाचलं. "मैदानाची हानी झाल्यास सेक्रेटरीने गवत पूर्ववत होईपर्यंत मैदान बंद ठेवावे. कोणीही गवतावर पाय ठेवू नये. ज्या महिन्यात मैदान बंद करावे लागेल, त्या महिन्यास नियम सतरा लागू नाही." त्यांनी पुस्तक मिटलं. "मैदान आत्तापासून बंद. वहिनी, कार्ड तुमच्याकडेच राहू द्या. या महिन्याचं कार्ड आम्ही कुणाकडूनच मागत नाही."

त्यांनी पेनानं पाटी लिहिली, तानाजींनी ती फाटकाला बांधली : 'गवतावर पाय ठेवू नये. हुकमावरून.' आत राहिलेली माणसं एकेक करून, धोतरं-पँटी उचलून, मुरुमावरून बाहेर आली.

बाईंनी डोळे पुसले. पण त्या व्यापाऱ्याच्या घरातल्या. हिशेब पुरता लागल्याशिवाय उठायच्या नाहीत. "आणि सप्टेंबरचं काय? गवत तर तवर येतंय. माजा नेम कार्तिकापर्यंत हाय."

"सप्टेंबरात तुम्ही खेळणार असाल ना?"

"म्हंजे काय? खेळणारच. पण गेटला कुलूप घाला, विष्णुपंत. एक माणूस आत सोडायचा न्हाई. लेखी द्या मला."

"देतो की," विष्णुपंत म्हणाले, आणि त्यांनी तिथंच लिहून, शिक्का मारून दिलं : त्रिशलाबाई खेळत असताना मैदानात येण्यास सक्त मनाई आहे, तरी कोणीही येऊ नये.

तो कागद फाटकावर लागला तेव्हा शिराळ्याचे गृहस्थ तो दोनदा वाचून माझ्याकडे आले. "सप्टेंबरात कुठल्या रविवारी म्हणालात?" त्यांनी विचारलं. "घरच्यांनाबी आणतो."