धाकटा सैन्यात असतो

आमचा धाकटा सीमेवर मारला गेला, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून मी रोज शर्टाला स्मरणाची फीत लावतो. बायको लावत नाही. स्मृतिदिनालासुद्धा नाही. आम्ही दोघं एकाच चष्म्याच्या दुकानात कामाला. मी आत काचा घासतो, ती बाहेर गिऱ्हाईकं बघते. म्हणजे तिने फीत लावलेली नाही, हे अख्ख्या गल्लीला दिसतं. माझी बहीण तर तोंडावर बोलली, "आई असून हिला काहीच कसं वाटत नाही?" खरं सांगायचं तर मलाही तोच राग होता.

यंदाच्या स्मृतिदिनी ठरवलं, आज सोक्षमोक्ष लावायचा. तिच्यासाठी नवी फीत आणि टाचणी घेऊन दुकानातल्या मधल्या पडद्यापर्यंत गेलो. बाहेर एक बोलघेवड्या बाई बसल्या होत्या, गावात नवीनच आलेल्या. बायको त्यांच्या चष्म्याची काडी कानामागे बसेल अशी वाकवत होती.

"मुलं किती तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"दोन. थोरली दवाखान्यात कामाला आहे. धाकटा सैन्यात असतो."

असतो! टाचणी माझ्याच बोटात घुसली.

"मग जीव टांगणीला लागत असेल हो!"

"लागतो तर. पण आला की आधी फ्रीज उघडणार आणि म्हणणार, या घरात खायला काही नसतंच!" दोघी खळखळून हसल्या. बायकोचं हे हसू मी विसरूनच गेलो होतो.

मुलं किती, हे मला कुणीच विचारत नाही. फीत दिसली की लोक आवाज खाली आणतात आणि विषय बदलतात. मला ते बरं पडतं. तिला मात्र धाकटा असा हवा असतो, दोन मिनिटं का होईना, जिवंत. आणि हे मला इतक्या वर्षांत कळू नये? इतका मी ढ.

"अहो, यांचा वाचायचा चष्मा झाला का?" तिने हाक मारली.

मी शर्टावरची फीत काढून खिशात घातली आणि चष्मा घेऊन बाहेर गेलो.

"हेच का वडील? काय हो, कधी येतोय मुलगा?"

बायकोचे हात थांबले. ती माझ्याकडे बघेना.

"मला कोण सांगतंय?" मी म्हणालो. "त्याचं सगळं गूळपीठ आईशी."

बाई गेल्यावर मी फीत परत लावायला घेतली. मला ती लागते. पण टाचणी धड बसेना. बायकोने ती माझ्या हातातून घेतली आणि फीत नीट लावून दिली.

"फोनसुद्धा आधी मलाच करायचा तो," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली.