रांजणाखालची बाटली

“आई, आडवी ठेवा. उभी ठेवली तर बूच वाळतं. अंधार हवा, गारवा हवा, आणि हलवायची नाही बरं का.”

पाडव्याला येऊन गेलेल्या सुनेचं, अनुपमाचं, हे बोलणं गोजरबाईंच्या मनात जपमाळेसारखं फिरत राहिलं. अनुपमा नाशकाकडे वाईनच्या कारखान्यात नोकरीला. ही रेड वाईन तिनं पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं केलेली. त्या नवरा-बायकोचा फ्लॅट उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो, म्हणून बाटली देऊळघाटला सासूच्या हवाली केली. आंबे संपायच्या आत येऊन फोडायची ठरली. “ठेवीन,” असं गोजरबाई म्हणून गेल्या आणि पेचात पडल्या. या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. पण दिलेला शब्दही कधी मोडला नव्हता.

फ्रीजमध्ये नैवेद्याचं दूध. देवघराखालचा कोनाडा गार खरा, पण छे! शेवटी मागच्या पडवीत, रांजण ज्या ओल्या वाळूत बसवलेला, तिथं जागा सापडली. लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून त्यांनी बाटली आडवी निजवली. सकाळी तुळशीला पाणी घातलं की तांब्यातलं उरलेलं त्या वाळूवर.

पूजा उरकेपर्यंत गोजरबाईंचं मौन असे. नेमकी त्याच वेळी शेजारची रुख्मिणी जास्वंदी तोडायला यायची.

“काऊन व गोजरबाई, इथं काय बसवलं?”

आता काय करावं? गोजरबाईंनी मनातल्या मनात ‘देवा, सोडव’ म्हणत हात जोडले. रुख्मिणीला उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवसापासून वाळूवर रोज एक जास्वंद!

मौन सुटल्यावर खरं सांगावं, तर जीभ रेटेना. त्यात वैशाख असा पेटला की पत्रे कडकड वाजायचे. पोरीच्या पहिल्या कष्टाचं आपल्या दारात वाटोळं झालं, तर तिला तोंड कसं दाखवायचं? गोजरबाई दुपारीही वाळूवर पाणी शिंपू लागल्या.

शेवटी लेक अविनाश आणि अनुपमा आले. लोणच्याची वाटी घेऊन रुख्मिणीही आली. वाळूतून बाटली निघाली. वरचा कागद पार विरघळलेला.

“अवं माय! म्या उन्हाळाभर याले फुलं वाह्यले?”

“म्हणून तं पावला,” गोजरबाईंचे यजमान किसनराव म्हणाले. “आन इकडं.”

अनुपमानं बूच काढून बाटली तशीच ठेवली. “बाबा, तिला जरा हवा लागू द्या.”

“काऊन, पायी आली का ते?”

मग तिनं सरबताच्या काचेच्या पेल्यांत थोडी थोडी ओतली. किसनराव पेल्याच्या तळाकडे पाहतच राहिले. “इतकीशी? लोक म्हणतील, किसनरावच्या घरी हात आखडला!”

गोजरबाईंचं लक्ष फक्त सुनेच्या तोंडाकडे. तिनं पेला फिरवला, वास घेतला, घोट घेऊन डोळे मिटले. उघडले तेव्हा ते भरलेले होते.

“आई, जराही तापली नाही हो. जशी दिली तशीच आहे.”

गोजरबाईंचा जीव भांड्यात पडला. किसनरावांनी घोट घेऊन तोंड वाकडं केलं. “अविनाश, हे तं कच्च्या जांभळावानी जीभ ओढते बे!” पण पेला पुन्हा पुढं केला.

“आई, तुम्ही?”

“मले नको बाई. मी वास घेतो नुसता.” वास घेऊन त्या हसल्या. “हाव, जांभळाखाली उभं असल्यावानी वाटते.”

उरलेली वाईन बूच लावून गार ठेवायची आणि तीन-चार दिवसांत संपवायची, असं अनुपमानं सांगितलं. गोजरबाईंनी फ्रीजमधलं नैवेद्याचं दूध वरच्या कप्प्यात सरकवलं आणि खालचा कप्पा मोकळा केला.

निघताना अनुपमानं दुसरी बाटली पुढं केली. “ही मात्र काही वर्षं उघडायची नाही. ठेवाल?”

“ठेवीन.”

दुसऱ्या दिवशी तुळशीला पाणी घालून झालं. कुंपणापलीकडं रुख्मिणी हातात जास्वंद घेऊन तोंडाला पदर लावून हसत उभी होती. तिच्याकडे पाहून गोजरबाईही गालात हसल्या आणि तांब्यातलं उरलेलं पाणी सांभाळत, मौनातच रांजणाकडे निघाल्या.