रोह्यापर्यंत

"जरा बसतो गो," म्हणत महिपती रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर टेकला, तोवर बाकीचे पाच जण बरेच पुढे निघून गेले होते. वडखळ मागे पडून तास झाला होता. जानेवारीचं ऊन अजून कोवळं होतं, तरी त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. तो डावा दंड दाबत होता, मधूनच जबडा.

सरूने पाण्याची बाटली पुढे केली. पेणच्या एका खासगी दवाखान्यात तिने सव्वीस वर्षं मावशीचं काम केलं होतं. चादरी बदलणं, शौचाची भांडी देणं, आणि ज्यांचं घरचं कुणी नसे त्यांच्या उशाशी बसणं. असला घाम तिने कितीतरी कपाळांवरून पुसला होता.

"कधीपासून होतंय?"

"सकाळपासून. पित्त असंल." महिपतीने पाण्याचा घोट घेतला. "सुजयला नको सांगू. परत पाठवील."

सुजय पेणमध्ये व्यायामशाळा चालवायचा. पेण ते गोवा, गावागावांतून पायी, अठ्ठावीस दिवस, असं त्याने ठरवलं आणि एकमेकांना न ओळखणारी माणसं जमली. त्याला धरून सात. महिपतीची उमेदीची वर्षं पेणच्या खाडीकाठच्या मिठागरात गेली होती. मिठागर बंद पडल्यावर तो एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होता.

"जन्मभर बांधावरनं गोल गोल फिरलो बाय," तो म्हणाला. "एकदा सरळ चालत जाऊन बघायचं हाय."

 सुजयला सांगितलं तर काय होईल हे सरूला पक्कं ठाऊक होतं. सुजय महिपतीला गाडीत बसवील आणि मग तिच्याकडे वळून म्हणेल, "मावशी, तुम्ही जाता का सोबत?" नवरा गेल्यापासून भावकीत, दवाखान्यात, कुणाच्याही सोबत जायला तीच मोकळी असायची. डिसेंबरात तिची नोकरी संपली. स्वतःसाठी म्हणून ती घराबाहेर पडली, ती ही पहिलीच वेळ. आणि अजून पहिला दिवसही सरला नव्हता.

"हळू चला," ती म्हणाली. "मी हाय मागं."

नागोठण्याला शाळेच्या पडवीत मुक्काम झाला. सकाळी सरूला जाग आली तेव्हा महिपती नळावर तोंड धूत होता. रंग बरा होता. तिला हायसं वाटलं, आणि त्याची थोडी लाजही वाटली.

त्या दिवशी तो पुढे चालला. मृणाली नावाची कॉलेजातली मुलगी त्याच्या बरोबरीने होती. मिठाचा थर कसा ओढतात, पाय कसे फुटतात, हे तो तिला हातवारे करून सांगत होता. सरू मागून त्याची पाठ बघत होती. दोनदा तो थांबला. दोनदा तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

अष्टमी गावात, रोह्याचा पूल समोर दिसत असताना, तो एका दुकानाच्या पायरीवर बसला आणि कलंडला. सरूने पिशवी फेकली आणि त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब द्यायला लागली. टेम्पो येईपर्यंत ती थांबली नाही. टेम्पोतही नाही. रोह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला बाजूला केलं. बारा वाजून गेल्यावर ते बाहेर आले आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली.

महिपतीचा मुलगा निकेश पुण्याहून पाच वाजता पोचला. तिशीचा, कंपनीचा शर्ट अंगावर तसाच. वडिलांना पाहून तो बाहेर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"अचानकच झालं," सुजय म्हणाला. "काहीच त्रास नव्हता त्यांना. असता तर मी चालूच दिलं नसतं."

निकेशने मान डोलावली. त्याला तेवढं पुरलं असतं. सरूलाही पुरलं असतं.

"व्हता," ती म्हणाली. "काल सकाळपासून. मला सांगितलं व्हतं त्यांनी."



"तुम्ही कोण?" निकेशने विचारलं.

"मी दवाखान्यात कामाला व्हते सव्वीस वर्षं. मला कळलं व्हतं काय हाय ते."

"मग बोलला का नाय?"

"बोलले असते तर मलाच त्यांना घेऊन परत जायला लागलं असतं." तिचा आवाज खाली गेला. "मलाबी चालायचं व्हतं."

निकेशच्या जबड्याची शीर उडाली.  त्याने आत जाऊन कागदांवर सह्या केल्या. रुग्णवाहिका दाराशी लागली, तेव्हा तो सरूकडे न बघता म्हणाला, "मागं कुणीतरी बसायला लागंल."

"मावशी, आम्ही उद्या इथंच थांबतोय," मृणाली तिचा हात धरून म्हणाली. "तुम्ही परत या."

"तुम्ही व्हा पुढं," सरू म्हणाली आणि गाडीत चढली.

निकेश ड्रायव्हरशेजारी बसला. दोन दिवसांची वाट खिडकीबाहेर उलटी पळत होती. नागोठण्यापुढे रस्ता खणलेला होता. प्रत्येक खड्ड्याला चादरीखालचं महिपतीचं डोकं या बाजूचं त्या बाजूला होत होतं. सरू बाकावरून उतरून खाली बसली. तिने आपला स्वेटर घडी करून त्याच्या मानेखाली सारला, दोन्ही तळव्यांत ते डोकं धरलं, आणि पेण येईपर्यंत तसंच धरून ठेवलं.